एकोणीस हंगामांचा गुन्हा

परतूर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर रामरावांचं जिनिंग होतं आणि तिथल्या वाफेच्या इंजिनाला दोन डायवर होते. एक कागदावरचा, एक इंजिनावरचा. कागदावरचे भुजंगराव. हे रामरावांचे सख्खे भाचे, हैदराबादेहून सरकारी सनद मिळवून आलेले आणि इंजिनाला मनापासून भिणारे. इंजिनावरचा इंद्रभान. हा कुंभार पिंपळगावचा धनगर, उंचापुरा, कानात बाळ्या, खांद्यावर घोंगडं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘सरकी उचलणारा हमाल’ असं लिहिलेलं असे. सरकीचं एक पोतंही त्यानं कधी उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ही भानगड कशी झाली ते आधी सांगायला हवं.

रामराव हे तीर्थपुरीकडचे मोठे शेतकरी. एकदा मुंबईला गेले, गिरण्यांची धुराडी बघून आले आणि तेव्हापासून त्यांचं शेतात मन लागेना. कापूस आपल्याकडे पिकतो, मग त्यातली सरकी आपणच काढावी, रुईचे गठ्ठे आपणच रेल्वेत चढवावेत आणि दलालांना हात चोळत बसवावं, असा त्यांचा बेत. बेतात खोट काही नव्हती. १९२७ साली इंजिन बोटीनं मुंबईला आलं, मुंबईहून रेल्वेनं परतूरला आलं आणि स्टेशनाच्या बाहेर पडताच काळ्या मातीत पोटापर्यंत रुतलं. महिना आषाढाचा होता. सात समुद्र ओलांडून आलेल्या त्या धुडाला पुढचे चार फर्लांग जायला सतरा दिवस लागले. रामरावांनी सगळ्याचा विचार केला होता, रस्त्याचा तेवढा राहून गेला होता.

इंजिन ओढायला बारा बैलजोड्या लावल्या, त्या हाकणाऱ्यांत इंद्रभान होता. त्या साली देवीच्या रोगानं त्याची मेंढरं पटापट मेली होती आणि तो हमाली शोधत स्टेशनावर आला होता. बाकीची माणसं इंजिनाला हात लावायला कचरत. हा मात्र त्याच्या पोटाला कान लावून बघायचा. आजारी मेंढराला तो असाच कान लावत असे. इंजिन बसवायला मुंबईहून आलेल्या मिस्त्रीनं हे पाहिलं आणि त्याला हाताखाली घेतलं.

मिस्त्रीची शिकवायची एक पद्धत होती. प्रत्येक पुर्ज्याला त्यानं एक शिवी नेमून दिली होती. पुर्जा चुकला की ती शिवी यायची, पुर्ज्याचं नाव यायचंच नाही. त्यामुळे इंद्रभानला निम्मं इंजिन शिव्यांतच पाठ झालं आणि पुढे बायामाणसांसमोर एखादा पुर्जा मागायचा झाला की त्याची फार पंचाईत व्हायची.

चाचणीसाठी रामरावांनी पोळ्याचा दिवस धरला. बैलांना सुट्टी, म्हणून शेतकरी मोकळे, म्हणून गर्दी दांडगी होणार, हा हिशोब. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. इंद्रभानच्या मनात आलं, उद्यापासून बाराही जोड्यांचं काम हा एकटा करणार, मग याचा खांदा कोण मळणार? इंजिनाचा खांदा कोणता, हे त्यानं नीट विचार करून ठरवलं. ज्या मोठ्या चाकावरून पट्टा जातो आणि सगळे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, फिरवतो, तोच खांदा. मग त्यानं शेरभर लोणी त्या चाकाला आणि पट्ट्याला आतून चोळचोळ चोळलं आणि इंजिनाला हात जोडून जेवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात अंमलदार बसले, रामरावांनी जरीचा पटका बांधला, मिस्त्रीनं वाफ सोडली. चाक गरागरा फिरलं आणि पट्टा जागच्या जागी बसून राहिला. लोणी कढल्याचा खमंग वास सुटला. लोकांना वाटलं, पंगत बसायची वेळ झाली. तेवढ्यात पट्टा चाकावरून निसटला, मांडवात शिरला आणि मांडवाचं कापड, दोन बांबू आणि रामरावांचा पटका घेऊन पलीकडे जाऊन पडला. मिस्त्री आपल्याजवळच्या सगळ्या पुर्ज्यांची नावं एका दमात घेत इंद्रभानच्या अंगावर धावला. इंद्रभाननं तोवर चुलीतली राख आणून चाक घासायला घेतलं होतं. घटकाभरात त्यानं लोणी काढलं, पट्टा पुसला, परत चढवला, आणि इंजिन चाललं. मिस्त्रीचा उगारलेला हात खाली आला.

मिस्त्री एक हंगाम टिकला. परतुरात बोंबील मिळत नाहीत, हे त्याचं मुख्य गाऱ्हाणं होतं. रामरावांनी पगार वाढवून बघितला, पण बोंबील काही त्यांना पिकवता येईनात. तो गेल्यावर कळलं की सनदवाला डायवर असल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही असा सरकारी कायदा आहे. मुंबईचा माणूस इकडे यायला तयार नाही आणि इकडच्या माणसाला सनद नाही. मग रामरावांनी भाच्याला हैदराबादेला धाडलं. भुजंगरावांना उर्दू फर्डी यायची. त्यांनी अख्खं पुस्तक पाठ केलं, पहिल्या झटक्यात पास झाले, सनद चौकटीत बसवून इंजिनघरात टांगली आणि पहिल्याच दिवशी वाफेची झडप वाजली तेव्हा रुईच्या ढिगात उडी मारली. ढिगातून बाहेर आल्यावर त्यांनी इंद्रभानला शांतपणे सांगितलं, “इंद्रभान, हे तूच बघत जाय. मी सनद बघतो.”

तेव्हापासून हंगामामागून हंगाम असंच चाललं. भुजंगराव बाजेवर बसून पेपर वाचायचे आणि इंद्रभान इंजिन चालवायचा. माणूस वाईट नव्हता. इंद्रभानला चहा स्वतःच्या हातानं आणून द्यायचा, त्याच्या पोरीच्या लग्नात आठ दिवस राबला. दोघांमध्ये वाकडेपणा म्हणून नव्हता.

दरवर्षी थंडीत बॉयलर तपासणारे इन्स्पेक्टर यायचे. त्या दिवशी भुजंगराव खाकी घालून हातात तेलाची झारी घेऊन इंजिनाजवळ उभे राहायचे. इंजिन तापायच्या आधी त्यांचा शर्ट घामानं भिजायचा. इंद्रभान सरकीच्या ढिगामागे उकिडवा बसायचा आणि इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला तर तिथून खोकायचा. एक खोकला म्हणजे तेल, दोन म्हणजे पाणी, सलग खोकला म्हणजे भुजंगराव, पळा. इन्स्पेक्टरसाहेबांचं लक्ष बहुतेक कोंबडीच्या रश्श्याकडे असे, त्यामुळे सलग खोकायची वेळ कधी आली नाही.

मग लढाई लागली. सगळ्याच वस्तू दिसेनाशा झाल्या. त्रेचाळीसच्या हंगामात मुख्य पट्टा तुटला. मुंबईला तार केली तर उत्तर आलं, चामड्याचा पट्टा लष्कराला जातो, लढाई संपल्यावर विचारा. अंगणात कापसाच्या गाड्या उभ्या, रेच्यांवरच्या ऐंशी बायका घरी बसलेल्या. रामरावांनी बैलाच्या कातड्याचा पट्टा करून घेतला, तो दोन दिवसांत ताणून धोतराएवढा लांब झाला.

इंद्रभाननं तीन दिवस डोकं खाजवलं आणि चौथ्या दिवशी बायकोला म्हणाला, “आसरे, शेळीचे केस किती कातून देशील?”

धनगराच्या घरात लोकर आणि माग असतोच. शेळीच्या केसांचा दोर पाण्यात कुजत नाही आणि ताणला तरी तुटत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आसराबाईनं दीड महिना केस कातले. बोटांची सालं निघाली. इंद्रभाननं मागावर पाच पदरी वीतभर रुंदीचा पट्टा विणला, जवसाच्या तेलात आठवडाभर भिजवला आणि चढवला. पट्टा धरला. नुसता धरला नाही, पुढचे तीन हंगाम तो निघालाच नाही. त्याला जरा बकऱ्याचा वास यायचा, एवढंच. तो पट्टा पहिल्यांदा फिरला त्या दिवशी इंद्रभान इंजिनघराच्या पायरीवर बसून हसत होता आणि डोळे पुसत होता. आयुष्यात त्याला इतका आनंद दुसरा कशाचा झाला नाही.

आणि त्याच दिवसापासून त्याला सनदेचं वेड लागलं. पैसा नको होता, पगार भुजंगरावांएवढा मिळाला पाहिजे असंही नाही. आपण डायवर आहोत हे सरकारनं एकदा कागदावर लिहावं, बस. पट्टा विणणाऱ्यानं सरकीमागे उकिडवं का बसावं, असं त्याला वाटायला लागलं. गुडघेही दुखायला लागले होते.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यानं भुजंगरावांना विचारलं, “भुजंगराव, म्या परीक्षेला बसलो तर?”

भुजंगरावांनी पेपर खाली ठेवला. परीक्षा आता तोंडी झालेली होती, उर्दू लिहिता यायची गरज नव्हती. त्यांनी हैदराबादेहून अर्ज मागवला, वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. “इंद्रभान, मालकाचा दाखला लागतो. पाच वर्षं इंजनावर काम केलं म्हणून.”

“म्या एकोणीस हंगाम केलंय की.”

“तू हमाल हायस. हजेरीपट काढून बघ. इंजनाला तुझा हातसुदिक लागलेला न्हाई.”

इंद्रभान रामरावांकडे गेला. रामराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “येडा झाला का तू? दाखला दिला म्हंजे बिगरसनदी माणूस इंजनावर ठेवला असं म्या सोताच लिहून द्यायचं. जिनिंगला टाळं लागल. अन् तुला कमी काय हाय इथं? चाललंय ते बराबर चाललंय.”

“तुमचं चाललंय, मालक,” इंद्रभान म्हणाला आणि खाली बघत घरी आला. दोन दिवस तो जेवला नाही. आसराबाईनं कारण विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय. धनगर माणूस रुसलाय हे सांगायला त्याला लाज वाटली.

रामरावांनी मनावर घेतलं नाही, भुजंगरावांनी घेतलं. त्या माणसाला इतकी वर्षं चौकटीतली सनद बघून अपचन झालेलं होतं. त्यांनी कुणालाही न सांगता हैदराबादेला सुंदर उर्दूत एक पत्र लिहिलं. ‘मी अमुक, सनदधारक, कबूल करतो की मी या इंजिनाला आजवर हात लावलेला नाही. सर्व काम इंद्रभान धनगर करतो. तरी त्यास परीक्षेस बसू द्यावे.’ भोळेपणाची कमाल अशी, की यातून सनदच मिळेल अशी त्यांची खात्री होती. मिळाला तो खटला. सनदेवाचून इंजिन चालवल्याचा आरोप इंद्रभानवर आणि चालवू दिल्याचा रामरावांवर. ऐन हंगामात, सत्तेचाळीसच्या जानेवारीत, बॉयलरला सील ठोकलं.

रामरावांनी परभणीहून वकील आणला. वकील हुशार होता. त्यानं दोघांनाही समोर बसवून सांगितलं, “इंजिन भुजंगरावच चालवतात. मामा-भाच्याचं शेतावरून भांडण झालं, रागाच्या भरात भाच्यानं खोटं पत्र लिहिलं. इंद्रभान, तू फक्त एवढंच म्हणायचं, मी हमाल आहे. बिलकुल दुसरं काही नाही. तू सुटशील, मालक सुटतील, उद्यापासून जिनिंग सुरू.”

आसराबाईचंही तेच मत पडलं. भाकरी बांधून देताना ती म्हणाली, “हो म्हना अन् घरी या. हमाल म्हनल्यानं तुमचं काय झिजतंय?”

परतूरच्या मुन्सफ कोर्टात गर्दी मावेना. मुन्सफसाहेब नवे होते, तरुण होते आणि त्यांना खरोखरच कळून घ्यायची खोड होती. त्यांनी इंद्रभानला विचारलं, “बोलो, इंजन कौन चलाता था?”

वकिलानं मान हलवली. रामरावांनी डोळे वटारले. इंद्रभाननं हमाल म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“म्या चालवत व्हतो, हुजूर. एकोणीस हंगाम.”

वकील ताडकन उभा राहिला. आता त्याला आपल्याच अशिलाविरुद्ध लढायचं होतं. “हुजूर, हा माणूस मोठेपणासाठी खोटा गुन्हा कबूल करतोय! हा मेंढक्या. याला घड्याळ कळत नाही. करून दाखवू द्या हुजूर, आत्ता दाखवू द्या! यानं इंजिन चालू केलं तर मी वकिली सोडतो.”

वकिलाची ही चूक झाली. मुन्सफसाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, “चलो.”

सगळं कोर्ट उठून जिनिंगवर आलं. पट्टेवाला, कारकून, दौत, फायलींचं गाठोडं, मागं अख्खं परतूर. सील तोडलं. मुन्सफसाहेबांनी घड्याळ काढलं आणि इंद्रभानला म्हणाले, “जल्दी करो.”

“जल्दी न्हाई व्हनार, हुजूर,” इंद्रभान म्हणाला. “पंधरा दिवसांचा थंड बॉयलर हाय. घाई केली तर फुटल. चार घंटे लागत्याल.”

“पाहा हुजूर, टाळाटाळ!” वकील ओरडला.

मुन्सफसाहेबांनी भुजंगरावांकडे बघितलं. भुजंगरावांनी पुस्तकातलं वाक्य धडाधडा म्हणून दाखवलं. थंड बॉयलर सावकाश तापवावा, असंच पुस्तकात होतं. मग मुन्सफसाहेबांनी अंगणातल्या लिंबाखाली टेबल मागवलं आणि त्या चार तासांत बांधाचे दोन आणि म्हशीचा एक असे तीन दावे तिथेच निकाली काढले.

इंद्रभाननं अंगरखा काढला, पाणी भरलं, बाभळीची लाकडं रचली. असा विचित्र मुलजिम परतुरानं कधी पाहिला नव्हता. इंजिन चाललं नाही तर सुटका, चाललं तर सजा, आणि हा गडी इंजिन चालावं म्हणून जीव तोडून राबत होता. रामराव दोनदा त्याच्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाले, “बिघडव की लेका कायतरी!” इंद्रभाननं ऐकलंच नाही. मुन्सफसाहेब मधेच येऊन वाफेच्या दाबाच्या तबकडीकडे बोट दाखवून म्हणाले, “ये घडी समझता है?”

“ह्या घड्याळात दोनच वेळा असत्यात, हुजूर,” इंद्रभान म्हणाला. “काटा हितं आला का काम करायची वेळ. अन् तितं गेला का पळायची.”

वकिलाला एवढ्यात उतरवून ठेवलेला पट्टा दिसला. तो हातात धरून म्हणाला, “हे बघा हुजूर, असला पट्टा आपल्या मुलखात होतो का? मुंबईच्या कंपनीचा माल. कारागीर तिथले, चालवणारेही तिथूनच शिकून आलेले. धनगराचं काय काम?”

बायकांच्या घोळक्यात आसराबाई उभी होती. नवऱ्यानं ऐकलं नाही म्हणून सकाळपासून ती त्याच्यावर फणफणत होती. पण हे ऐकल्यावर तिचा तोल गेला. ती सरळ पुढे आली आणि वकिलाच्या हातातून पट्टा हिसकावून घेतला.

“कोन म्हनतं मुंबईचा? मुंबईच्या कंच्या कंपनीनं बोटं सोलून घेतली? दीड महिना म्या शेळीचे केस कातले! ह्यो बघा पीळ, ह्यो माह्या हातचा पीळ हाय, वळखू येतो मला. अन् विनला माह्या मालकानं. इंजन बी त्येच चालवत्यात, अन् हे भुजंगराव पेपर वाचत्यात!”

बोलून झाल्यावर आपण काय केलं हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. इंद्रभान मात्र तिच्याकडे असा बघत राहिला की लग्नातही त्यानं तिच्याकडे तसं बघितलं नसेल. मुन्सफसाहेबांनी पट्ट्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि कारकुनाला म्हणाले, “लिखो, बकरी का है.” मग त्यांनी इन्स्पेक्टरचे जुने अहवाल काढायला सांगितले. हा पट्टा चढवल्यापासूनच्या सगळ्या अहवालांत ‘चामड्याचा पट्टा, उत्तम स्थितीत’ असं लिहिलेलं होतं.

दुपारी काटा कामाच्या वेळेवर आला. इंद्रभाननं आधी इंजिनातलं साचलेलं पाणी काढून टाकलं, पट्टा चढवला, चाकावर हात ठेवला, कान लावला आणि वाफ सोडली. इंजिनानं एक उसासा टाकला, दुसरा टाकला आणि चाललं. पट्टा फिरला, रेचे फिरले. ऐंशी बायका कुणी न सांगता आत पळाल्या आणि आपापल्या रेच्यावर कापूस टाकायला बसल्या. सरकी खाली गळायला लागली. मुन्सफसाहेबांना ओरडून बोलावं लागलं.

“गुन्हा शाबीत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खटल्याच्या निकालाला टाळ्या पडल्याचा परतूरच्या कोर्टातला तो पहिलाच प्रसंग असावा. इंद्रभाननं दोन्ही हात जोडले आणि तो ढसाढसा रडला.

निकाल असा झाला. भुजंगरावांची सनद रद्द. रामरावांना दंड. इंद्रभानला कोर्ट उठेपर्यंत कैद, आणि सनद किंवा इन्स्पेक्टरची परवानगी मिळेपर्यंत इंजिनघरात पाऊल टाकायला बंदी. कोर्ट लिंबाखालीच होतं, म्हणून इंद्रभान लिंबाखाली तासभर कैदेत बसला. भुजंगराव त्याला चहा घेऊन आले. ते इतके मोकळे हसत होते की त्यांची नोकरी गेली आहे हे लोकांना आठवण करून द्यावं लागलं.

मग इंजिन थंड झालं.

रामरावांनी जालना पालथा घातला, औरंगाबाद पालथी घातली. सनदवाले होते ते मोठ्या गिरण्यांत चिकटलेले. एक जण परतूरला यायला तयार झाला, पण बकऱ्याच्या पट्ट्याचं नाव ऐकून त्यानं तोंड फिरवलं. कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत गेली. गाडीवाले शिव्या द्यायला लागले, रेच्यांवरच्या बायका रोज येऊन फाटकाशी बसायला लागल्या.

बाराव्या दिवशी सकाळी रामराव स्वतः इंद्रभानच्या खोपटापुढे आले. इंद्रभान दारात बसून घोंगडं विणत होता.

“चल,” रामराव म्हणाले. “मागल्या दारानं ये. इन्स्पेक्टरला म्या बघतो. कुनी इचारलं तर सरकीमागं बस, पहिल्यासारखं.”

इंद्रभाननं धोटा खाली ठेवला. “न्हाई मालक.”

“अरे, पगार दुप्पट देतो!”

“कोर्टानं बंदी केलीय. सजा झालेला मानूस म्या, कायदा कसा मोडू?” हे तो इतकं गंभीरपणे म्हणाला की आत चुलीपाशी आसराबाईला हसू आवरेना. “आन् सरकीमागं आता बसवत न्हाई मला. दाखला द्या. दाखला असला का इन्स्पेक्टर परीक्षा होईस्तोवर परवानगी देतो, भुजंगरावांनी इचारून ठेवलंय.”

“दाखला दिला तर माझी अब्रू जाईल.”

“ती लिंबाखाली गेली, मालक. आता कापूस तेवढा ऱ्हायलाय.”

रामरावांना राग आला होता, लाज वाटत होती, आणि फाटकाशी बसलेल्या बायकांचा गलबला इथवर ऐकू येत होता. शेवटी ते तिथेच, खोपटापुढच्या जमिनीवर मांडी घालून बसले. धोतर मातीत मळलं. त्यांनी खिशातून कागद, टाक आणि छोटी दौत काढली. सगळं बरोबर आणलं होतं, म्हणजे काय करावं लागणार हे घरून निघतानाच त्यांना कळलेलं होतं.

त्यांनी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग टाक थांबला.

“धंदा काय लिहू?”

आसराबाई चुलीपासून उठून दारात आली. रामरावांनी एकदा दोघांकडे बघितलं, टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं: इंजिन डायवर, हंगाम एकोणीस. मग सही करून त्यांनी कागद वाळायला उन्हात धरला.